बॅकअपची उगवण चाचणी

निपाणीच्या पुढं वेदगंगेच्या काठाला माझ्या दाजींची शेती आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोटार का चालेना म्हणून ते विहिरीत डोकावले आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन सरळ खाली. पाणी कमी होतं म्हणून भाचा दोरानं उतरून तो घेऊन आला. सिम वाचलं, फोन गेला. दाजींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. फोन जुनाच होता आणि, त्यांच्याच शब्दांत, "बॅकअप चालू हाय की! पोरानं दोन वर्साखालीच करून दिलाय."

नवा फोन घेऊन दाजी आणि अक्का माझ्याकडं बेळगावला, शहापूरला आले. खातं घातलं, पासवर्ड घातला, सगळं रीतसर केलं. नंबर आले, पण निम्मेच. फोटो आले, ते थोरल्या भाचीच्या साखरपुड्यापर्यंत येऊन थांबले. लग्नाचा एकही नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं तर बॅकअप सापडलाच नाही म्हणून हात वर केले. अक्का इतका वेळ गप्प बसून बघत होती. ती म्हणाली, "मग दोन वर्सं चालू होतं म्हंजे काय चालू होतं?"

प्रश्न बरोबर होता. बटण चालू होतं. माल जात नव्हता.

गंमत अशी, की हेच दाजी दर मे महिन्यात घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या पोत्यावर रांगेनं मांडतात, पोत्याची गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि आठवड्यानं उलगडून कोंब मोजतात. सत्तर किंवा वर उगवले तर नेहमीचं बियाणं. त्याच्या खाली आले तर एकरी बियाणं वाढवायचं, आणि फारच कमी आले तर ते पोतं तेलाला घालायचं. पोतं भरलेलं दिसतंय एवढ्यावर ते कधीच भरवसा ठेवत नाहीत. फोनच्या बाबतीत मात्र भरलेलं पोतंसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. पोत्यावरचं लेबल वाचून सगळे निवांत होते.

हा बॅकअप जातो 'क्लाउड'मध्ये. 'क्लाउड' म्हटलं की आभाळात कुठंतरी तरंगणारं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. प्रत्यक्षात ती मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांची जागा असते, आणि आपला फोन आपल्याकडच्या गोष्टींची प्रत इंटरनेटवरून तिथं पाठवतो. निपाणीत तंबाखूच्या वखारी बघितलेल्याला हे जास्त सांगायला नको. वखार दुसऱ्याची, माल आपला, आणि पावती हरवली तर भांडण. इथं पावती म्हणजे आपलं खातं आणि त्याचा पासवर्ड.

एका नावाखाली चार कामं

खरी गोची अशी, की 'बॅकअप' या एका शब्दाखाली फोनमध्ये तीन-चार वेगवेगळी कामं चालतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. एक चालू केलं म्हणजे बाकीची चालू झाली असं नाही.

अँड्रॉइड फोनचा स्वतःचा बॅकअप सेटिंग्जमध्ये गूगलच्या पानावर असतो. त्यात कोणकोणती अ‍ॅप होती त्याची यादी, एसएमएस, कॉलची नोंद, फोनच्या सेटिंग्ज आणि काही अ‍ॅपची थोडी माहिती जाते. 'थोडी' हा शब्द मुद्दाम वापरला, कारण एका अ‍ॅपमागं जास्तीत जास्त 25 एमबी एवढीच जागा मिळते, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यानं नको म्हटलं असेल तर तेवढीही नाही. त्यामुळं दूध संकलनाचा हिशेब ठेवायचं एखादं साधं अ‍ॅप नव्या फोनवर येईल, पण कोरं येईल.

नंबरांची गोष्ट वेगळी. नंबर साठवताना फोन विचारतो: सिमवर, फोनवर, की गूगल खात्यात? घाईत बोट जिथं पडेल तिथं तो नंबर कायमचा राहायला जातो. गूगल खात्यातले नंबर दाजींना परत मिळाले. फोनवर साठवलेले विहिरीत गेले. सिमवरचे सिमबरोबर वाचले, पण सिमवर एका नावाला सहसा एकच नंबर बसतो आणि लांब नाव अर्धं कापलं जातं, त्यामुळं दाजींच्या यादीत 'ट्रॅक्टरवाला बा' असे तीन जण निघाले. नंबरांच्या अ‍ॅपमध्ये 'नवीन नंबर कुठं साठवायचा' हे एकदा गूगल खात्यावर लावून ठेवलं आणि सिमवरचे सगळे तिकडं आणले, की हा प्रश्न संपतो. दहा मिनिटांचं काम आहे.

फोटोंचं अ‍ॅप (गूगल फोटोज) फोटो पाठवतं, पण मुळात फक्त कॅमेऱ्यानं काढलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, दुसऱ्या अ‍ॅपमधून उतरवलेले फोटो हे वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात आणि प्रत्येक फोल्डर वेगळा चालू करावा लागतो. आपल्याकडं लग्नाचे निम्मे फोटो पाहुण्यांच्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ते आपल्या कॅमेऱ्याचे नव्हेत, म्हणून ते जातच नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपचा संसार तर पूर्ण स्वतंत्र. त्याचा बॅकअप त्याच्याच सेटिंग्जमध्ये, 'चॅट बॅकअप' नावाच्या पानावर. अँड्रॉइडवर तो गूगल खात्यात जातो, आयफोनवर आयक्लाउडमध्ये. एकीकडचा बॅकअप दुसरीकडं उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यानं दोन्ही फोन शेजारी ठेवून गप्पा हलवाव्यात, आणि तोपर्यंत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नये.

आणि पाचवं, ज्याचा बॅकअप कुणीच घेत नाही ते. 'डाउनलोड्स'मधल्या पीडीएफ. आवाजाच्या रेकॉर्डिंगच्या फाइली. कर्नाटकच्या 'भूमी' साइटवरून उतरवलेला जमिनीचा आरटीसी उतारा, पोराची मार्कलिस्ट, आजोबांच्या वेळच्या मराठी कागदांचे एखाद्या अ‍ॅपनं केलेले स्कॅन. आपल्याकडं जुने कागद मराठीत आणि नवे कन्नडमध्ये. दोन्ही जपणं भाग आहे. सरकारी कागदांपैकी बरेच डिजिलॉकरवर पुन्हा मागवता येतात, त्यांची तेवढी चिंता नाही. आजोबांचा कागद पुन्हा मागवायला कुठलं ऑफिस नाही. असल्या फाइली हातानंच गूगल ड्राइव्हवर चढवाव्या लागतात.

गाडी अडते कुठं

दाजींच्या फोनचा पंचनामा करायला आम्हाला एक संध्याकाळ लागली. पहिलं कारण पाच मिनिटांत सापडलं: वखार भरली होती. गूगल खात्याला 15 जीबी जागा फुकट मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. 1 जून 2021 पासून कमी दर्जाचे फोटोसुद्धा या जागेत मोजले जातात. 2024 च्या सुरुवातीपासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यात धरायला लागले. त्याआधी तो फुकट होता. म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी कुणी 'काळजी नको, जागा भरतच नाही' असं सांगितलं असेल, तर तेव्हा ते बऱ्याच अंशी खरं होतं. आता नाही.

साध्या दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी खातो. साखरपुड्यात भाच्यानं वीस-वीस मिनिटांचे चार व्हिडिओ काढले, म्हणजे आठ-दहा जीबी तिथंच गेले. वखार भरली, पुढची गाडी दारातूनच परत. फोननं सूचना दिली नव्हती असं नाही. ती इंग्रजीत यायची आणि दाजी ती बोटानं बाजूला सारायचे, जशी लोनची जाहिरात सारतात.

इलाज दोन. खातं चाळून मोठे व्हिडिओ आणि जुने जड मेल काढणं, हा फुकटचा. फोटोंचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर'वर आणला की पुढचे फोटो कमी जागा खातात. घरगुती फोटो 16 मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ 1080पीपर्यंत दाबले जातात, भिंतीवर लावायच्या फोटोला तेवढं पुरतं. दुसरा इलाज जागा विकत घेणं. शंभर जीबी महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या घरात पडते आणि ती घरातल्या आणखी पाच जणांत वाटून घेता येते, एकमेकांचे फोटो न दिसता. माझं मत विचाराल तर दोन-तीन फोन असलेल्या घरानं हे पैसे द्यावेत. केबलवर न बघितलेल्या चॅनेलांना आपण याहून जास्त देतो.

दुसरं कारण वाय-फाय. फोनचा स्वतःचा बॅकअप आपोआप होतो तेव्हा त्याच्या काही अटी असतात: आधीच्या बॅकअपला चोवीस तास झालेले असावेत, फोन कुणी वापरत नसावा आणि तो वाय-फायवर असावा. शहरातल्या घरात रात्री हे सहज जुळतं. दाजींच्या घरात वाय-फाय नाही. रात्री थ्री फेज लाइट आली की ते फोनची बॅटरी लावून मळ्यात. अट कधी पुरीच झाली नाही. अशा घरांनी मोबाइल डेटावर बॅकअप घ्यायची परवानगी तिन्ही ठिकाणी वेगवेगळी द्यायची: फोनच्या बॅकअपमध्ये, फोटोंच्या अ‍ॅपमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये दिवसाला इतकेच एमबी अशी मर्यादा घालता येते, म्हणजे रोजचा दीड जीबी एका दमात संपणार नाही.

इथं एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर माझा स्वतःचा तासभर गेला. वाय-फाय नाही म्हणून भाच्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून दाजींचा फोन त्याला जोडला. वाय-फायचा पंखा दिसतोय, इंटरनेट चालतंय, पण बॅकअप 'वाय-फायची वाट बघतोय' म्हणून बसलेला. कारण हॉटस्पॉट म्हणजे मोजून मिळणारं इंटरनेट आहे हे अँड्रॉइड ओळखतं आणि तिथं हात आखडता घेतं. त्या वाय-फायच्या नावावर दाबून आत गेलं की 'नेटवर्क यूसेज' असं सापडतं. तिथं 'अनमीटर्ड' निवडलं की गाडी सुटते. काम झाल्यावर ते परत बदलायला विसरू नका, नाहीतर भाच्याचा डेटा रात्रीत साफ.

आणि सुटली तरी गाडी हळू जाते. इंटरनेटचा उतरवण्याचा वेग मोठा आणि चढवण्याचा बारका असतो. चढवण्याचा वेग 2 एमबीपीएस धरला तर एक जीबी जायला तासाहून जास्त लागतो, आणि 15 जीबीला सोळा-सतरा तास. नव्यानं बॅकअप चालू केलेल्यानं पहिल्या दिवशी 'झालं' असं समजू नये. चार-सहा रात्री द्याव्यात.

सीमेवरच्या माणसाची म्हणून एक खास अडचण आहे. आपल्यातल्या कित्येकांची सिमं कोल्हापूरकडची, माहेरची किंवा नोकरीच्या गावची असतात. शिनोळीच्या अलीकडं-पलीकडं गेलं की टॉवर बदलतो. फोनच्या वरच्या पट्टीवर 'आर' दिसत असेल तर फोन स्वतःला रोमिंगवर समजतोय, आणि फोटोंच्या अ‍ॅपमध्ये 'रोमिंगमध्ये बॅकअप' हे बटण वेगळं आहे. ते बंद असेल तर डेटा चालू असूनही फोटो जात नाहीत. देशात रोमिंगचा वेगळा आकार लागत नाही, ते खुशाल चालू करा.

काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागं चालणारी अ‍ॅप स्वतःहून बंद पाडतात. बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये फोटोंचं अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप यांना 'बंधन नाही' असं लावावं. कायमचा बॅटरी सेव्हर लावून ठेवणाऱ्यांनी तर हे आधी बघावं.

आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप का सापडला नाही? कारण तो दुसऱ्याच वखारीत होता. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं पटकन एक नवं गूगल खातं काढून दिलं होतं, पासवर्ड त्यालाच ठाऊक. भाच्यानं नंतर दुसरं खातं घातलं आणि फोटो त्यात लावले. व्हॉट्सअ‍ॅप पहिल्याच खात्याला चिकटून राहिलं. असली अनाथ खाती आपल्याकडं घरोघरी आहेत. नशिबानं त्या खात्याला दाजींचाच नंबर जोडलेला होता, त्यामुळं 'खातं शोधा' या वाटेनं जाऊन ओटीपीवर ते उघडलं. आत फेब्रुवारीपर्यंतच्या गप्पा होत्या.

इथं मी दाजींचा हात धरला ते बरं झालं. बॅकअप मिळत नाही म्हटल्यावर ते 'स्किप' दाबून पुढं जाणार होते. तसं केलं असतं तर व्हॉट्सअ‍ॅप कोऱ्या पाटीनं सुरू झालं असतं, पुढं कधीतरी त्याच खात्यात बॅकअप गेला असता, आणि नवी कोरी प्रत जुन्या प्रतीच्या जागी बसली असती. एका नंबरमागं एका खात्यात एकच प्रत राहते. म्हणून त्या पानावर थांबायचं, खातं बरोबर आहे का बघायचं, आणि पाहुण्यांचे मेसेज दोन दिवस उशिरा वाचले तरी चालतील असं म्हणायचं.

पुसलं की दोन्हीकडचं पुसतं

फोटोंच्या अ‍ॅपबद्दल एक गैरसमज महागात पडतो. लोक समजतात, क्लाउडमध्ये प्रत आहे, म्हणजे फोनमधून पुसलं तरी तिथं राहील. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये उघडून डिलीट केलेला फोटो दोन्हीकडून जातो. ते आरशासारखं काम करतं: इकडं टिळा पुसला की तिकडचाही पुसला. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतो, तोवर परत आणता येतो. आयफोनच्या फोटोंना 30 दिवस मिळतात.

फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर अ‍ॅपमध्येच 'फ्री अप स्पेस' आहे. ते फक्त वर पोचलेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतं. ते दाबण्यापूर्वी मात्र पुढं लिहिलेली चाचणी करा, कारण त्यानंतर वरची प्रत ही एकुलती एक राहते, आणि एकुलत्या एक प्रतीला बॅकअप म्हणता येत नाही.

न वापरलेल्या गोष्टींनाही मुदत असते. अँड्रॉइड फोन 57 दिवस वापरला नाही तर त्याचा फोन-बॅकअप पुसला जातो (गूगल फोटोजमधले फोटो यात येत नाहीत). फुटलेला फोन 'सवडीनं बघू' म्हणून कपाटात टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आयक्लाउडचा बॅकअप बंद केल्यावर 180 दिवस राहतो. आणि दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही तर गूगल ते खातंच काढून टाकू शकतं. वारलेल्या माणसाच्या फोनमधले फोटो घरच्यांनी त्याआधी उतरवून घेतलेले बरे.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: फुकट जागा 5 जीबीच, आणि रोजचा आपोआप बॅकअप व्हायला फोन चार्जिंगला, वाय-फायवर आणि लॉक केलेला हवा. बाकी दुखणी तीच.

किल्ली कुणाकडं

माल पोचला, पण कुलूप उघडेना, हेही घडतं. अँड्रॉइडचा बॅकअप नव्या फोनवर घेताना तो जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विचारतो, कारण त्यातली काही माहिती त्यानंच बंद केलेली असते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा पॅटर्न त्यांच्या बोटाला ठाऊक असतो, डोक्याला नाही. फोन हातातून गेला की बोट विसरतं. कागदावर नऊ ठिपके काढून रेघ ओढून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 2021 पासून बॅकअपला स्वतःचं कुलूप लावता येतं, पासवर्डचं किंवा 64 अंकी किल्लीचं. चांगली सोय आहे. पण ते विसरलं तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. ज्यांना चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही त्यांच्या फोनवर पोरांनी हौसेनं हे चालू करू नये, किंवा करायचं तर किल्ली वहीत लिहूनच.

ओटीपीचं तर विचारू नका. फोन हरवला, सिमही हरवलं, आणि खातं उघडायला ओटीपी त्याच सिमवर येणार. त्याच नंबरचं दुसरं सिम घेतलं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, हा फसवणूक रोखण्यासाठीचा नियम आहे. त्यात सिम महाराष्ट्रातलं असेल तर डुप्लिकेटसाठी सहसा तिकडच्याच दुकानात जावं लागतं. बेळगावहून चंदगड किंवा कागल गाठायचं. याला तोड म्हणजे गूगल खात्याचे 'बॅकअप कोड'. आठ अंकी दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो. छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आणि खात्याला जोडलेला नंबर बंद केला असेल तर आजच बदला, कारण बंद नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येतो. मग आपला ओटीपी गदगच्या कुणाला तरी जाणार.

शंभर दाणे

तर चाचणी. त्यासाठी फोन पुसायची गरज नाही. घरातला दुसरा फोन किंवा कॉम्प्युटर घ्या. (नेट सेंटरवर आपलं खातं उघडू नका.) त्याच्या ब्राउझरमध्ये खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडून आपल्या खात्यात शिरा आणि ठरवून गोष्टी मागा. 'फोटो आहेत का' असं मोघम नको. परवाचा फोटो, मागच्या गणपतीतला व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक पत्रिका, काल साठवलेला एक नंबर, अमुक पीडीएफ. व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत चालवून बघा. मग बाहेर पडताना खातं बंद करा.

फोनच्या बॅकअपच्या पानावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपच्या पानावर शेवटच्या बॅकअपची तारीख असते. चालू-बंदचं बटण बघायचं सोडा, तारीख बघा. व्हॉट्सअ‍ॅप तारखेखाली आकारही दाखवतं. कालपर्यंत तीन जीबी असलेला बॅकअप आज चाळीस एमबी दिसला तर काहीतरी बिनसलंय, आणि पुढचं काही करण्याआधी ते शोधा. व्हॉट्सअ‍ॅपची खरीखुरी उगवण बघायची तर ते दुसऱ्या फोनवर चढवावं लागतं आणि तेवढ्या वेळेपुरतं पहिल्या फोनवरचं बंद होतं, म्हणून ती मी फोन बदलतानाच करतो. मधल्या काळात अँड्रॉइडवर एक तजवीज आहे: व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येही एक प्रत करतं आणि गेल्या काही दिवसांच्या प्रती ठेवतं. फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर. तो उचलून कॉम्प्युटरवर किंवा थेट फोनला लागणाऱ्या (ओटीजी) पेनड्राइव्हवर टाकला की क्लाउडशिवायची दुसरी प्रत तयार.

ती दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या, पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला आणि दाजींच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फोन, लॅपटॉप, फोटोंचा अल्बम आणि सीडीची पेटी एकाच कपाटात होती. पाणी ओसरल्यावर अक्कानं अल्बम वाळत घातला तेव्हा पानं एकमेकांना चिकटून गेली होती.

यंदा मे महिन्यात मी गेलो तेव्हा पडवीत पोत्याची गुंडाळी पडलेली होती. दाजी म्हणाले, आता फोनची पण लावू या. अक्काच्या फोनवर खासगी खिडकी उघडली. अक्का मागत गेली आणि भाचा शोधत गेला: लग्नातला मुहूर्ताचा फोटो (पाहुण्यांकडून पुन्हा गोळा केलेला), नातवाचं बारसं, कारखान्याच्या उसाच्या बिलाची पावती, गुडघ्याच्या डॉक्टरांचा नंबर. दहा गोष्टी मागितल्या, नऊ निघाल्या. दहावी होती दाजींच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. संक्रांतीला रेकॉर्ड केलेल्या. पंच्याऐंशीच्या म्हातारीनं तासभर बसून म्हटलेल्या, त्यातल्या दोन तर घरात कुणालाच पाठ नाहीत.

"नव्वद टक्के. पेरायला चालतंय," भाचा म्हणाला.

"गप रे," दाजी म्हणाले.

रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं, आवाजाच्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये, जिथून काहीच वर जात नाही. ते ड्राइव्हवर चढवायला लावलं, आणि रेंज एकच काडी होती म्हणून पेनड्राइव्हवरही घेतलं. अक्कानं ताटं वाढली होती, ती झाकून ठेवायला सांगितली. पेनड्राइव्ह सध्या शहापूरला माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात. सोयाबीन एक्क्याऐंशी उगवलं.